पेटी आली कुठून, रुळली कशी?

(पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात नाट्यसंगीताची मैफल संपली आहे. पेटी शिकणारी मुक्ता आणि तिचे पेटीवादक आजोबा बाहेर पडतात.)

मुक्ता : आजोबा, पेटी आणि पियानो एकाच घराण्यातले ना?

आजोबा : पट्ट्यांपुरतेच. पियानोत हातोडी तारेवर पडते. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनं ती युक्ती काढली; त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. पेटीत तारच नाही. भात्याच्या हवेनं पितळी सूर थरथरतात. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घडलं.

मुक्ता : तेव्हा भाता हातानं चालायचा?

आजोबा : नाही, पायानं. दोन्ही हात पट्ट्यांवर लागत, कारण त्यांच्या संगीतात एका वेळी तीन-चार स्वर वाजतात. आपल्याला गळ्यामागून एकच सूर धरायचा, म्हणून डावा हात रिकामा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातभात्याची पेटी रूढ केली आणि ती बैठकीत आली.

मुक्ता : मग आजची ती पायपेटी?

आजोबा : तो ऑर्गन. पेटी हवा बाहेर ढकलते, ऑर्गन आत ओढतो. म्हणून त्याचा आवाज गोल, भरदार. बालगंधर्वांच्या पदांना तोच साथीला असे. पेटीला मान मिळवून दिला गोविंदराव टेंब्यांनी. 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच.

मुक्ता : इतका मान, तरी आकाशवाणीनं बंदी घातली?

आजोबा : 1940 मध्ये. ती सैल व्हायला तीसेक वर्षं गेली. आक्षेप खोटे नव्हते. पेटीवर मींड निघत नाही. शिवाय सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले. एका भागाचे शंभर तुकडे केले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 तुकडे चढा असतो.

मुक्ता : यावर इलाज?

आजोबा : डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी बनवली. बाकीच्यांचा इलाज बोटांत. गोविंदराव पटवर्धनांची साथ ऐक. कणस्वरानं वळण सुचवायचं, गायक गंधारावर ठेहराव घेत असला की आपण हलकं व्हायचं. कुठे वाजवू नये हे कळलं की साथ जमली.

मुक्ता : मग रियाज कुठून सुरू करू?

आजोबा : आधी तंबोरा लाव आणि गंधार स्वतः गा. पेटीचा भाता त्यानंतर उघड. कान पेटीवर तयार केलास, तर ती चूक तुला कधीच ऐकू येणार नाही.