जमिनीची अमानत आणि आपल्या हातातील पिशवी

पवित्र कुरआनच्या सूरह अर्-रूममधील 41वी आयत माणसाला स्वतःच्या हातांकडे पाहायला लावते. जमिनीवर आणि पाण्यात जो बिघाड माजला आहे, तो माणसांच्या हातांच्या कमाईमुळे आहे. त्या कमाईतील काही भागाची चव त्यांना चाखविली जाते ती त्यांनी परत फिरावे म्हणून, असा तिचा आशय आहे. भाष्यकारांनी या बिघाडात दुष्काळ, अन्याय, पापाचरण अशा अनेक गोष्टी मोजल्या आहेत. प्लास्टिक त्यांच्या काळी नव्हते. परंतु माणसाच्या हाताने घडलेली, जमीन व पाणी दोन्ही व्यापणारी आणि शेकडो वर्षे न कुजणारी ही वस्तू या आयतीच्या कक्षेत येत नाही, असे कोण म्हणेल?

हा विषय दीनचा आहे काय?

काही बांधव म्हणतात, कचरा हे नगरपरिषदेचे काम. मशिदीत त्याची चर्चा कशाला? याचे उत्तर सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या साठ किंवा सत्तरहून अधिक शाखा सांगितल्या. त्यांतील सर्वोच्च शाखा तौहीदची साक्ष, तर सर्वांत खालची शाखा म्हणजे रस्त्यावरून त्रासदायक वस्तू दूर करणे. खालची असली तरी ती ईमानचीच शाखा आहे. मग जो त्रासदायक वस्तू उचलण्याऐवजी स्वतःच रस्त्यावर टाकतो, त्याने या शाखेचे काय केले, याचा विचार व्हावा.

दुसरे तत्त्व अमानतचे. माणूस जमिनीचा मालक नाही, तो खलीफा आहे, म्हणजे सोपविलेल्या वस्तूचा राखणदार. तिसरे तत्त्व इसराफचे: सूरह अल्-आराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आहे, पण उधळपट्टीची नाही. आणि चौथे तत्त्व फिक्हच्या अनेक निर्णयांचा पाया आहे: स्वतः नुकसान सोसू नये आणि दुसऱ्याचे नुकसान करू नये.

रावेरच्या मातीत

आमचा रावेर तालुका केळीचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीच्या बागा. या बागांत प्लास्टिक मोठ्या प्रमाणात आहे: ठिबकच्या नळ्या, खतांच्या गोण्या, घडांना धूळ, कीड आणि थंडीपासून वाचविणाऱ्या स्कर्टिंग बॅगा. ठिबकने पाणी वाचते, बॅगेने माल स्वच्छ निघतो. म्हणून त्यांचा वापर हा दोष नव्हे. दोष पुढे सुरू होतो. कापणी झाली की बॅगा बांधावर पडतात, वाऱ्याने नाल्यात जातात किंवा पेटविल्या जातात. जळत्या प्लास्टिकचा विषारी धूर शेजाऱ्याच्या घरात आणि मजुराच्या छातीत शिरतो. न जळालेले तुकडे झिजून बारीक होतात आणि मातीत मिसळतात. सूरह अल्-बकराच्या 205व्या आयतीत शेती आणि जीवसृष्टी यांची नासाडी करणाऱ्याचा निषेध आहे. शेतकऱ्याने ती आयत आपल्या बांधावर उभे राहून वाचावी.

गावातील चित्र वेगळे नाही. उष्ट्या अन्नासह फेकलेली पिशवी गाय-बकरी गिळते. ती पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही, आणि ते मुके जनावर हळूहळू मरते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्यास क्षमा मिळाल्याचे आपण मुलांना सांगतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीचा परिणामही सांगतो. त्या दोन्ही हदीसच्या उजेडात आपली पिशवी कोणत्या बाजूला पडते?

कायदा काय सांगतो

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा पाण्याची वाट अडविणाऱ्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांचीही चर्चा झाली आणि 2006 मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्याविषयी कायदा केला. त्याच कायद्याखाली 23 मार्च 2018 ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्यास 5,000 रुपये, दुसऱ्यास 10,000 रुपये, तिसऱ्यास 25,000 रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा ठरली. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी घातली आणि त्या वर्षअखेरपासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बाद ठरविल्या. प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर ते वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारीही टाकली आहे. मुस्लिमबहुल बांगलादेशाने तर 2002 मध्येच पातळ पिशव्यांवर बंदी घातली होती; तुंबलेल्या गटारांनी पूर वाढतात, हे त्या देशाने सोसून पाहिले होते.

लोकहिताचा आणि शरीयतशी विरोध नसलेला कायदा पाळणे हे मुस्लिमाचे कर्तव्य आहे. तपासणीचे पथक दिसताच पिशवी लपविणे हे तक्वाचे लक्षण नव्हे.

हात, जीभ आणि नाव

वाईट गोष्ट दिसली तर हाताने बदला, ते शक्य नसेल तर जिभेने, आणि तेही नसेल तर मनाने ती वाईट माना, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. हाताची सत्ता आपले घर, दुकान, शेत आणि मशीद येथे चालते. जिभेचे काम ग्रामसभेत, नगरपरिषदेकडे लेखी मागणी करण्यात आणि जुम्म्याच्या बयानात आहे. शेतातील बॅगा आणि जुन्या नळ्या गोळा करण्याचे केंद्र तालुक्यात असावे, ही मागणी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन करावी. एकट्याने विचारले तर उत्तर मिळत नाही. जमाअतने विचारले तर मिळते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे. हातगाडीवाला म्हणतो, पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जाते. दंड मात्र माझ्यासारख्याच गरिबाला होतो. सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेला नावेचा दृष्टांत आहे. खालच्या मजल्यावरील प्रवाशांना पाण्यासाठी वारंवार वर जावे लागे. त्यांनी ठरविले की आपल्याच भागात भोक पाडावे. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सगळे वाचतात, न धरला तर सगळे बुडतात. या दृष्टांतात एक गोष्ट सहज निसटते: खालच्यांची पाण्याची गरज खरी होती. म्हणून हात धरणाऱ्याने पाणीही खाली पोहोचवावे. गिऱ्हाईकाने घरून कापडी पिशवी आणली, तर हातगाडीवाल्याला भोक पाडण्याची गरजच उरत नाही. बंदीचा भार विकणाऱ्याने एकट्याने वाहू नये. अर्धा भार घेणाऱ्याचा आहे.

या वर्षी एवढे करू

1. रमजानच्या इफ्तारीत आणि वलीम्यात स्टीलची भांडी वापरावीत. मोहल्ल्याने मिळून भांड्यांचा एक संच वक्फ केला, तर तो वर्षानुवर्षे सवाब देत राहील. भांडी कमी पडली, तर केळीचे पान आपल्या दाराशीच आहे.
2. कुरबानीचे मांस वाटताना घरोघरी डबा मागवावा. टाकाऊ भाग पिशवीत बांधून नाल्यात फेकू नये. नेमलेल्या जागी द्यावा किंवा खोल पुरावा. इबादतचा शेवट शेजाऱ्याच्या त्रासात होऊ नये.
3. जलशात पाण्याच्या पाऊचऐवजी माठ व पेले ठेवावेत.
4. शेतात प्लास्टिक पेटवू नये. कोरड्या जागी साठवून भंगारवाल्यास किंवा पुनर्वापर करणाऱ्यास द्यावे.

मुलांसोबत चर्चेसाठी

आपल्या घरात एका आठवड्यात किती पिशव्या येतात, ते मोजा. त्यांतील किती टाळता आल्या असत्या? नावेच्या दृष्टांतात आपण वरच्या मजल्यावर आहोत की खालच्या?

हे अल्लाह, तू आम्हाला जमीन सुधारलेल्या स्थितीत दिलीस. ती बिघडवून पुढच्या पिढीच्या हाती देणाऱ्यांत आमची गणना करू नकोस. आमीन.