पिझ्झा कापायचं नाही गं ते

फोटो बघितले. पिझ्झा कापायचं नाही गं ते! ‘जुना पिझ्झा कटर, दोन पौंड’ असं लेबल तुमच्या मॅनेजरबाईंनी लावलंय ना, ते काढायला त्यांचीच परवानगी घे आणि वस्तू पुढच्या शनिवारपर्यंत मागच्या खोलीत राहू दे म्हणावं. फार मोठी गोष्ट मागत नाहीयेस. दुकानात एका लोखंडी चकतीने आठवडाभर जागा अडवली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

मला काय वाटतं ते मी आत्ताही सांगू शकते. पण सांगितलं की तू वस्तूकडे बघायचं सोडून माझ्या शब्दाला धरून बसशील. तेव्हा आधी ती हातात घे.

आणि घासू नकोस. तुमच्याकडचे ते निवृत्त काका मदतीच्या उत्साहात वायर ब्रश आणि तेलाची बाटली घेऊन येतीलच, त्यांना गोड बोलून चहा करायला पाठव. आयटीआयच्या वर्कशॉपात इतकी वर्षं पोरांना शिकवताना मी हेच सांगत आलेय, की अनोळखी हत्यार आधी वाचायचं, मग पुसायचं. गंजाच्या थराखाली शिक्का असतो, मुठीवर हाताची झीज असते. एकदा चकचकीत केलं की यातलं बरंचसं गेलं, परत आणता येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटक, तेवढं पुरे. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेव, आणि खिडकीचा तिरपा उजेड एका बाजूने येऊ दे. पुसट अक्षरं तशीच उठून दिसतात. फ्लॅश नको.

आता चकतीच्या कडेवरून बोट फिरव. तू लिहिलंयस, ‘बोथट झालीय.’ झालीय, की पहिल्यापासून तशीच आहे? कापून कापून गेलेली धार गोलसर आणि वेडीवाकडी असते, कुठे जास्त गेलेली, कुठे कमी. तुझ्या फोटोत कड सगळीकडे सारखी सपाट आहे, चांगली तीन मिलिमीटर जाड. म्हणजे तिला धार कधी नव्हतीच. कापायच्या हत्याराला धार नको, हे कोणत्या लोहाराला पटेल?

मग मूठ. वितीपेक्षा बरीच लांब आहे आणि टोकाला नाही, तर मधल्या भागावर गुळगुळीत झालीय. दाब देऊन वापरायचं हत्यार तळहाताला टेकतं तिथे, म्हणजे टोकाला झिजतं. हे कुणीतरी हलक्या हाताने धरून नुसतं फिरवलेलं आहे. चकती रिव्हेटवर अजूनही सहज फिरते म्हणतेस, तेही याच्याशी जुळतं. आणि कडेवर ती एकच खाच. तुला ती टवका उडाल्यासारखी वाटली, पण तिच्या दोन्ही बाजू कानशीने सरळ केलेल्या आहेत. मुद्दाम पाडलेली खाच आहे ती. ज्या चाकाला अशी एकच खूण असते, त्याचे फेरे कुणीतरी मोजत असतं.

शिक्का सापडला नाही म्हणून हिरमुसू नकोस. पण चकती ज्या डब्यात आली, त्यातल्या बाकीच्या हत्यारांवर शिक्के असतील, ते उतरवून घे. नावासोबत गावाचं नाव असेल, त्यातही शेफील्ड असेल, तर ते बहुतेक बनवणाऱ्याचं. नुसतंच नाव, तेही रंध्याच्या टोकावर किंवा लाकडी मुठीवर ठोकलेलं असेल, तर ते बहुधा मालकाचं. एकाच रंध्यावर दोन-तीन नावं दिसली तर तो तितक्या हातांतून गेलाय असं समज. पटाशीवर ‘कास्ट स्टील’ वाचून ओतीव लोखंड समजू नकोस हं. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफील्डकडे मुशीत पोलाद वितळवायची जी रीत बसवली, त्या पोलादाचं ते बिरुद. चौकटच्या इक्क्यासारखी खूण आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील तर ते डिझाइन १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेलं. १८८४ पासून तिथे सरळ नोंदणी क्रमांक येतो. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे सरकारी माल. आणि तुझ्या चकतीवर काहीच नाही, हेही एक उत्तरच आहे. कारखान्यातून आलेली वस्तू नाव मिरवते, लोहाराने स्वतःसाठी भट्टीवर घडवलेली कशाला मिरवेल?

तिसऱ्या फोटोत मागे ती पांढरट घडीची पट्टी दिसतेय ना, ती मात्र आज-उद्याच मॅनेजरबाईंना दाखव. ती हस्तिदंताची असू शकते. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंताचा कायदा जून २०२२ पासून लागू झालाय. ठरावीक अपवाद सोडले तर अशी वस्तू विकणं गुन्हा आहे, दुकान धर्मादाय असलं तरी. तुला कुणी दोष देणार नाही, पण माहीत असून गप्प बसू नये.

आता डब्याबद्दल. तो डबा फोडू नकोस. म्हणजे रंधे एका फळीवर, पटाश्या दुसरीकडे आणि चकती स्वयंपाकघराच्या सामानात, असं करू नका. घरात कुणी गेलं की लोक हत्यारांचा डबा होता तसा उचलून आणून देतात, आणि त्या डब्यात एका माणसाचा सगळा धंदा असतो. शेजारी काय होतं यावरूनच निम्मी ओळख पटते. आपल्या पुण्यात केळकर संग्रहालयात वज्री बघितलीस ना? टाच घासायची ती खडबडीत पितळी वस्तू, वर मोर नाहीतर पोपट. न्हाणीघर ठाऊक नसलेल्या माणसाला ते खेळणंच वाटेल. दिनकर केळकर चष्म्याचे दुकानदार, पण घरोघरचे दिवे, अडकित्ते, वज्र्या गोळा करण्यात त्यांनी जन्म घालवला, आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. एकटी वज्री काही सांगत नाही. दहा वज्र्या एका कपाटात आल्या की बघणाऱ्याला घर दिसायला लागतं.

डबा कुणी दिला हेही कदाचित कळेल. त्याच्यावर गिफ्ट एडचा स्टिकर आहे का बघ. त्या योजनेत वस्तू विकली जाईपर्यंत कायद्याने देणाऱ्याचीच असते, संस्था फक्त त्याच्या वतीने विकते, आणि मिळालेली रक्कम त्याने दान केली की दर पौंडामागे सरकारकडून पंचवीस पेन्स संस्थेला जास्तीचे मिळतात. म्हणून नाव-पत्ता त्यांच्याकडे नोंदलेला असतो. पण तू स्वतः फोन करायला जाऊ नकोस, ती माहिती खासगी आहे. मॅनेजरबाईंना म्हणावं, ‘त्या घरी एक ओळ लिहून विचारता येईल का, की हत्यारं कुणाची होती, काय काम करायचे?’ अशा पत्राने लोक दुखावत नाहीत. उलट आपल्या बाबांचं सामान कुणीतरी नीट बघतंय, याचं त्यांना बरंच वाटतं.

बरं, आता ऐक. चकतीच्या खाचेशी खडूने रेघ मार, तिथेच जमिनीवरही मार आणि चकती एक फेरा पुढे ढकल. ती साधारण चोवीस इंच, म्हणजे एकसष्ट सेंटिमीटर जाईल असा माझा अंदाज आहे. चोवीस भरले नाहीत तरी बिघडत नाही. ज्याने घडवली त्याला इंचांशी कर्तव्य नव्हतं.

तो ट्रॅव्हलर आहे. घोडागाडीच्या चाकावर धाव बसवताना माप घ्यायचं हत्यार.

धाव तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. आजोबांच्या गावी लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायचा, तो दिवस आम्हा पोरांचा सणच. लोखंडी कडं जमिनीवर आडवं ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. कडं लाल झालं की तिघे-चौघे लांब चिमट्यांनी ते उचलून लाकडी चाकावर आणून बसवायचे, वरून घणाचे ठोके. लाकडाचा भपकन जाळ व्हायचा, लगेच कळशीने पाणी. त्या धुरात चाक करकरायचं. आपण म्हणायचो मोडलं. लोहार म्हणायचा, आता बसलं. थंड होताना धाव आवळते आणि आरे तुंब्यात घट्ट रुततात. खिळ्यांची गरजच नाही. आपल्या लोहाराने माप सुतळीने घेतलेलं मला आठवतंय. इंग्लंडातला घ्यायचा तो या चकतीने.

हिशेब साधा आहे. चार फूट व्यासाचं चाक घे. त्याचा घेर साधारण दीडशे इंच. कडं सहा-सातशे अंशांनी तापलं की त्याचा घेर इंचाहून थोडा जास्त वाढतो. तेव्हा गार असताना ते चाकापेक्षा जरासं लहान हवं. फार लहान केलं तर तापवूनही चढणार नाही, किंवा चढलंच तर आरे वाकवेल. मोठं राहिलं तर उन्हाळ्यात रस्त्यात निघून पडेल. म्हणून लोहार चकती लाकडी चाकाच्या कडेवरून फिरवी आणि फेरे मोजी. दीडशे इंचांच्या चाकाला सहा फेरे भरत आणि वर थोडं उरे, तिथे चकतीवर खडूची रेघ. मग तीच चकती कड्याच्या आतून फिरवायची, तेवढेच फेरे, पण रेघेच्या जरा अलीकडे थांबायचं. ‘जरा’ म्हणजे किती, ते त्याच्या डोळ्यात. ना आकडेमोड, ना मोजपट्टी. अक्षर न येणाऱ्या माणसालाही चुकायला वाव नाही. मला तर हे हत्यार फार देखणं वाटतं बाई.

जॉर्ज स्टर्टचं ‘द व्हीलराइट्स शॉप’ तुमच्या लायब्ररीत मिळतं का बघ, १९२३ चं पुस्तक आहे. हा फार्नमचा शाळामास्तर. १८८४ साली वडील गेले आणि चाकं-गाड्या बनवण्याचा घरचा कारखाना याच्या गळ्यात आला. कामातलं काही येत नव्हतं, ते त्याने हाताखालच्या जुन्या कारागिरांकडूनच शिकून घेतलं. हे तुला मुद्दाम सांगतेय. ‘मी नवीन, माझा उच्चार वेगळा, त्या काकांना इंग्लंडातलं मी काय सांगणार,’ असं लिहिलंयस ना मागच्या निरोपात? सांगू नकोस. विचार. ‘तुमच्या लहानपणी गावात लोहार होता का हो?’ एवढंच विचार आणि बघ, वायर ब्रश बाजूला ठेवून ते तासभर बोलतील. ज्ञान पाजळणारी माणसं लोकांना नको असतात, पण ऐकणारी सगळ्यांना हवी असतात, तिकडेही आणि इकडेही.

विक्रीचं तुम्ही मिळून ठरवा. चालू कामाची हत्यारं, करवती, हातोडे, पटाश्या, साउथॅम्प्टनजवळच्या टूल्स फॉर सेल्फ रिलायन्सला देता येतील. ते दुरुस्त करून आफ्रिकेतल्या कारागिरांना पाठवतात. ट्रॅव्हलर तिथे पाठवण्यात अर्थ नाही. रेडिंगला इंग्लिश ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे, त्यांना फोटो आणि मापं पाठवून खातरी करून घ्या. पण ते ठेवूनच घेतील अशी आशा धरू नका, अशा वस्तू त्यांच्याकडे असणारच. मग खऱ्या नावाचं लेबल लावून विका, संस्थेला चार पैसे जास्त मिळतील. सकाळी दार उघडताच येणारा तो ‘जुनं सामान आवडतं’ म्हणणारा गृहस्थ दोन पौंडाला मागेल, त्याला हसून नाही म्हण. आणि तुला स्वतःलाच घ्यावीशी वाटली, वाटणारच, तर भाव तू ठरवू नकोस. स्वयंसेवकांनी खरेदी कशी करायची याचे दुकानाचे नियम असतील. मॅनेजरबाईंनी ठरवलेली किंमत दे आणि पावती घे.

शेवटच्या फोटोत डब्याच्या तळाशी एक लाकडी दांडा दिसतोय, त्याला लोखंडी आकडा आहे का? असला तर दोन शेजारचे आरे एकमेकांकडे ओढून धरायचं ते हत्यार असेल, चाकाची लाकडी कड बसवताना लागणारं. मग हा डबा लोहाराचा नाही, चाकं करणाऱ्या सुताराचा ठरतो. तो दांडा पूर्ण बाहेर काढून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठव. आणि हो, फ्लॅश बंद कर म्हटलंय ना!