लोंबणारे मनगट आणि तरफेचा नियम

पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. उजव्या हाताचे मनगट तळहाताच्या बाजूला जितके वाकेल तितके वाकवा आणि तसेच ठेवून मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करा. मूठ धड मिटत नाही. मिटली तरी तिच्यात जोर नसतो. आता मनगट सरळ करून थोडे मागे, म्हणजे हाताच्या पाठीच्या दिशेने, २०-३० अंश कलवा आणि पुन्हा मूठ आवळा. आता मात्र शेजारच्या मित्राला तुमच्या मुठीतली पेन्सिल ओढून घेताना चांगलेच झगडावे लागेल.

असे का होते? बोटे जोराने मिटवणारे स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या, ज्यांना कंडरा म्हणतात, मनगटावरून बोटांपर्यंत गेलेल्या असतात. मनगट पुढे वाकले की तळहाताकडच्या दोऱ्या सैल पडतात आणि पाठीकडच्या दोऱ्या ताणल्या जाऊन बोटांना उलट ओढतात. याच्या विरुद्ध, हात अगदी ढिला सोडून मनगट मागे उचलले तर बोटे आपोआप मिटू लागतात. हेही करून पाहा. मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या काही रुग्णांना बोटे हलवता येत नाहीत, पण मनगट तेवढे उचलता येते. अशांना याच गुणधर्माचा उपयोग करून हलक्या वस्तू उचलायला शिकवतात. हे शिकवणाऱ्या शास्त्राचे नाव व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. या विषयाची विद्यापीठाची पदवी मिळते, हे मला स्वतःला फार उशिरा कळले. आणि कळले तेही माझीच एक चूक उघडकीस आल्यामुळे.

परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आमचे घाटनांदूर आहे. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला बाहेर पडतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. तोडणीला गेलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल ही त्या एका कोयत्याच्या नावावर असते. दोघांपैकी एकाचा हात गेला तर कोयता मोडतो, उचल मात्र तशीच राहते.

माझा एक चुलतभाऊ असाच एका हंगामात ट्रॉलीवरून खाली पडला आणि त्याचे दंडाचे हाड मोडले. हाड जुळले, पण हात मनगटातून खाली लोंबू लागला. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नावाचा मज्जातंतू जातो. मनगट आणि बोटे मागे उचलणाऱ्या स्नायूंना आज्ञा नेणारा तो हाच. हाड मोडताना तो दुखावला होता. डॉक्टरांनी सांगितले, की असा मज्जातंतू पुष्कळदा आपला आपण सुधारतो, पण वेळ लागतो. हा वेळ किती? मज्जातंतूचा तुटलेला धागा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. इजेपासून स्नायू १५ सेंटीमीटर दूर असेल, तर १५० दिवस, म्हणजे पाच महिने झाले. तोवर हात लोंबत ठेवला तर सांधे आखडतात, आणि मज्जातंतू जागा झाला तरी हलवायला हात उरत नाही. म्हणून मनगटाला आधार देणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बांधतात.

त्याला मिळालेली स्प्लिंट उसाच्या फडातच हरवली. घरी परतल्यावर त्याचा हात पाहून मला वाटले, आपण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, एवढे तर आपल्याला जमेलच! नळाच्या प्लॅस्टिक पाइपचा तुकडा उभा चिरून, उकळत्या पाण्यात मऊ करून मी एक पट्टी तयार केली. पट्टी तळहातापासून निघून मनगटाच्या मागे चार बोटे संपत होती. सुटसुटीत दिसावी म्हणून मीच ती आखूड कापली होती. जुन्या पिशवीचा बंद मनगटावर आवळला. आठवड्याभरात बंदाखालची कातडी सोलवटून निघाली आणि त्याने पट्टी काढून टाकली.

त्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी गावी आली होती. ती मुंबईत व्यवसायोपचाराच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिने जखम पाहिली, पट्टी पाहिली आणि म्हणाली, “काका, मी अजून शिकतेय, त्यामुळे मी काही बांधून देणार नाही. रुग्णालयात दाखवा. पण सर, तुमची पट्टी का चावली ते काढून दाखवू का?” माझ्याच घरी, माझ्याच वहीवर तिने तरफ काढली.

ती आकृती शब्दांत अशी. मनगट हा टेकू. तळहात व बोटे मिळून वजन सुमारे ४०० ग्रॅम धरा. ते मनगटापासून ७ सेंटीमीटरवर खाली दाबते आहे. त्याचे आघूर्ण ४०० × ७ = २८००. पुढचे टोक खाली दबले की पट्टीचे मागचे टोक वर उचलले जाते व पुढच्या हाताच्या खालच्या बाजूत रुतते. हे टोक मनगटापासून ७ सेंटीमीटरवर असेल, तर तेथील दाब २८०० ÷ ७ = ४०० ग्रॅमभार. तेच २० सेंटीमीटरवर नेले, तर २८०० ÷ २० = १४० ग्रॅमभार. मनगटावरच्या बंदाला दोन्ही बाजूंच्या बलांची बेरीज तोलावी लागते. म्हणजे माझ्या आखूड पट्टीत ४०० + ४०० = ८००, आणि लांब पट्टीत ४०० + १४० = ५४०.

आता क्षेत्रफळ बघा. माझा बंद २ सेंटीमीटर रुंद होता. हाताशी त्याचा ५ सेंटीमीटर लांबीपर्यंत संपर्क धरला, तर १० चौरस सेंटीमीटरवर ८०० ग्रॅमभार, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ८०. बंद ५ सेंटीमीटर रुंद घेतला व पट्टी लांब केली, तर २५ चौरस सेंटीमीटरवर ५४०, म्हणजे जेमतेम २२. दाब चौथ्या हिश्श्याजवळ आला! (बंद आवळल्याचा दाब यात धरलेला नाही, मी तोही सढळपणे आवळला होता.) शिवाय रेडियल मज्जातंतू दुखावला की अंगठ्यामागची हाताची पाठ बधिर होते. तेथे कातडी सोलली तरी कळत नाही, हे तर माझ्या गावीही नव्हते. म्हणून सांगतो, हे गणित वहीत जरूर करा, पण कोणाच्या हाताला घरी पट्टी करून बांधू नका.

त्यानंतर रुग्णालयात केलेल्या स्प्लिंटची लांबी कोपराकडे जवळजवळ दोन-तृतीयांश हात भरेल इतकी होती आणि बोटे मोकळी होती. स्प्लिंटसह त्याला भाकरी मोडता येई, बादलीची कडी धरता येई. हात वापरात राहिला.

या शास्त्राच्या नावातील ‘व्यवसाय’ या शब्दाने बरेच जण फसतात. त्याचा अर्थ नोकरी-धंदा एवढाच नाही. माणूस दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ती सारी कामे यात येतात. लहान मुलाचा व्यवसाय खेळणे, आजोबांचा कदाचित धोतर नेसणे व देवपूजा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या निमित्ताने या शास्त्राला चालना मिळाली. आपल्याकडे ते आणले कमला निंबकर यांनी. मूळच्या त्या अमेरिकेतील एलिझाबेथ लंडी; विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली भारतात आल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी हे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. नागपूरलाही पुढे असे विद्यालय निघाले. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, पण ते नाव उच्चारणाऱ्या किती जणांना व्यवसायोपचार माहीत असेल, कोण जाणे.

आरंभी येथे पदविका मिळे, नंतर पदवी आली. महाराष्ट्रात ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते आणि प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. अभ्यासक्रम बरीच वर्षे सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष सेवेसह साडेचार वर्षांचा होता. या क्षेत्रासाठी २०२१ मध्ये नवा राष्ट्रीय आयोग कायदा झाला असल्याने मुदत व नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत. महाविद्यालये मोजकीच आहेत, हेही लक्षात ठेवा.

शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, बालविकास, जीवयांत्रिकी असे विषय असतात आणि मनोविकार कक्षापासून भाजलेल्या रुग्णांपर्यंत सर्वत्र काम करावे लागते. मला सर्वांत आवडला तो ‘कृतीचे विश्लेषण’ हा भाग. विद्यार्थिनीने सांगितलेले उदाहरण भाकरीचे. अर्धांगवायूने एक हात गेलेल्या बाईला पीठ मळता येते, पण परात फिरते, कारण धरून ठेवायला दुसरा हात नाही. परातीखाली ओले फडके घातले की घर्षण वाढते आणि परात जागेवर राहते. थापताना मात्र परात फिरायलाच हवी. मग फडके काढायचे की भाकरी फिरवायची? तिच्या वर्गाने या एका प्रश्नावर अख्खा तास घालवला होता.

चुलतभावाचे मनगट सहाव्या महिन्यात किंचित वर आले. बोटे आणि अंगठा त्यानंतर. पुढच्या हंगामाला तो गेला, पण पहिले काही आठवडे मोळ्या बांधायला. तोडणी वहिनीने केली.

शाळेत करण्यासाठी एक काम देतो. कोयत्याने ऊस तोडणे, शिवणयंत्र चालवणे किंवा हापशावर पाणी भरणे यांपैकी एक कृती घ्या. ती करणाऱ्याला शेजारी उभे राहून पाहा व प्रत्येक हालचाल वेगळी लिहा: कोणता हात, कोणता सांधा, जोर कोठे, टेकू कोठे. मग मनगट लोंबणाऱ्या माणसाला यांतील नेमकी कोणती पायरी अडेल ते शोधून आपल्या शिक्षकांना दाखवा. हापशाचा दांडा घेतलात, तर त्याची लांबी मोजायला विसरू नका.