हात थरथरतो तेव्हा



मी आठवीत होतो तेव्हा आम्हांला गणित शिकवणाऱ्या गुरुजींचा उजवा हात थरथरत असे. मांडीवर हात ठेवून ते स्वस्थ बसले, की अंगठा आणि तर्जनी यांची सारखी चाळवाचाळव चाले. जणू ते बोटांत गोळी वळत आहेत. पण खडू घ्यायला हात पुढे केला, की कंप कमी होई. वहीवर शेरा लिहिताना त्यांचे पहिले अक्षर ठसठशीत असे आणि ओळ संपेपर्यंत अक्षरे मोहरीएवढी होत. आम्ही मुले मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करून हसत असू.

आमच्याच आळीत एक गृहस्थ राहत. ते पाय फाकवून, झोकांड्या खात चालत. त्यांचा हात स्वस्थ असताना मुळीच थरथरत नसे. मात्र चहाचा कप उचलला, की तो ओठांजवळ येईल तसतसा कंप वाढत जाई आणि चहा अंगावर सांडे. ते दारूला शिवत नसत. तरीही लोक त्यांना दारुडा म्हणत.

दोघेही आजारी होते, हे मला फार उशिरा कळले. एकाचे दुखणे मध्यमेंदूत होते, दुसऱ्याचे लहान मेंदूत. एकाचा कंप हात थांबला की येई, दुसऱ्याचा हात चालू लागला की येई. हा फरक कशामुळे पडतो, ते या लेखात पाहू.

मेंदूतील दोन जागा

मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर हात ठेवा. त्या हाडाच्या आत, मोठ्या मेंदूच्या खाली लहान मेंदू (अनुमस्तिष्क) असतो. त्याचे डावा व उजवा असे दोन गोलार्ध असून त्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टा असतो. पृष्ठभागावर बारीक घड्या असतात. उभा छेद घेतला तर आत झाडाच्या फांद्यांसारखी पांढरी नक्षी दिसते. वजनाने हा भाग सगळ्या मेंदूच्या सुमारे एक दशांश. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज पेशी एकट्या लहान मेंदूत आहेत!

मध्यमेंदू त्याच्या पुढे आणि किंचित वर, मेंदूच्या देठाच्या माथ्याशी असतो. त्याची लांबी जेमतेम २ सेंमी. त्याच्या पाठीवर चार छोट्या टेकड्या असतात. वरची जोडी दृष्टीशी आणि खालची श्रवणाशी संबंधित असते. पुढच्या बाजूला चेतातंतूंचे दोन जाड खांब असतात. या खांबांमागे काळसर रंगाचा एक पट्टा दिसतो. त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणू. याशिवाय डोळे हलवणाऱ्या चेतांच्या तीन जोड्यांपैकी दोन जोड्या मध्यमेंदूतूनच निघतात.

एक सोपा प्रयोग

खुर्चीवर नीट बसा. हे मासिक एका हाताने समोर धरा आणि डोके स्थिर ठेवून मासिक डावी-उजवीकडे हलवा. वेग सेकंदाला दोन हेलकावे इतका असू द्या. अक्षरे पुसट होतील. आता मासिक स्थिर धरा आणि तितक्याच वेगाने, मान दुखणार नाही इतपत, डोके हलवा. अक्षरे वाचता येतात!

सापेक्ष गती दोन्ही वेळा सारखीच असते. मग असे का व्हावे? मासिक हलते तेव्हा डोळ्यांना ते पाहून पाठलाग करावा लागतो. या कामाला सुमारे एक दशांश सेकंद उशीर होतो. एका हेलकाव्याला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे डोळे हेलकाव्याच्या पाचव्या हिश्श्याने मागे पडतात. डोके हलते तेव्हा मात्र अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका ती गती ताबडतोब ओळखतात. तो संदेश मेंदूच्या देठातून थेट डोळ्यांच्या स्नायूंकडे जातो. याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. डोके जितके उजवीकडे वळेल तितकेच डोळे डावीकडे वळतात.

‘तितकेच’ हे माप कोण ठरवतो? लहान मेंदू. नवा चष्मा लागला की पहिले काही दिवस मान फिरवताना जमीन हलल्यासारखी वाटते. भिंगामुळे प्रतिमेचा आकार बदलतो आणि जुने माप चुकते. लहान मेंदू ती चूक टिपून नवे माप बसवतो, म्हणून पुढे चष्म्याची सवय होते.

उशिरा आलेली बातमी

आता हाताकडे वळू. टेबलावरचा पेला घेण्यासाठी हात सेकंदाला १ मीटर या वेगाने निघाला आहे असे समजा. ‘हात कुठे आला’ हे पाहून सुधारणा करायला एक दशांश सेकंद लागला, तर तेवढ्यात हात १० सेंमी पुढे गेलेला असेल. म्हणजे बातमी पोहोचते तेव्हाच शिळी झालेली असते.

शिळ्या बातमीवर चालणाऱ्या यंत्रणेचे काय होते, हे तुम्ही न्हाणीघरात अनुभवले असेल. शॉवरचे पाणी थंड लागले म्हणून गरम नळ उघडावा, पाणी नळीतून यायला वेळ लागावा, म्हणून आणखी उघडावा, आणि मग एकदम चटका बसावा! घाईने नळ बंद केला तर पुन्हा गारठा. उशिरामुळे यंत्रणा योग्य बिंदूच्या अल्याड-पल्याड झोके घेत राहते. पदार्थविज्ञानात याला दोलन म्हणतात.

निरोगी हात असे झोके घेत नाही. मोठा मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो, तेव्हा त्याची एक नक्कल लहान मेंदूकडेही जाते. तिच्यावरून लहान मेंदू हात पुढच्या क्षणी कुठे असेल याचा आधीच अंदाज करतो आणि वेळेवर ब्रेक लावतो, असे शास्त्रज्ञ मानतात. हा अंदाज करणारा भाग बिघडला, की हात शिळ्या बातमीवर चालू लागतो. तो पेल्याच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. आमच्या आळीतल्या गृहस्थांचा कप नेमका ओठांजवळ का हिंदकळे, ते आता ध्यानात येईल. अचूकतेची गरज तिथेच सर्वांत जास्त असते.

पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या ब्रिटिश वैद्याने तपासले आणि १९१७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्या बाजूचा लहान मेंदू जखमी, त्याच बाजूचा हात बिघडलेला असे. त्यामुळे एकाच माणसाचा चांगला हात व दुखावलेला हात यांची तुलना करता आली. दुखावलेला हात उशिरा सुरू होई, उशिरा थांबे, आणि तळवा उलटसुलट भराभर आपटायला सांगितले की त्याची लय मोडे. पुढे एका रुग्णाने त्यांना सांगितले, की चांगला हात आपोआप चालतो, पण दुसऱ्याच्या प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागतो.

मोठ्या मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, हे तुम्ही शिकला आहात. मग लहान मेंदूचा परिणाम त्याच बाजूवर का? त्याचे तंतू मध्यमेंदूत बाजू ओलांडून विरुद्ध बाजूच्या मोठ्या मेंदूकडे जातात, आणि तिथून निघालेले हुकूम खाली येताना पुन्हा बाजू ओलांडतात. दोनदा ओलांडले की मूळ बाजू येते!

काळा पट्टा फिका पडतो

गुरुजींचे दुखणे वेगळे होते. त्याला कंपवात म्हणतात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो पार्किन्सनचा आजार या नावानेही ओळखला जातो. यात मध्यमेंदूच्या कृष्णद्रव्यातील पेशी हळूहळू मरतात आणि काळा पट्टा फिका पडतो. या पेशी डोपामीन नावाचे रसायन मोठ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना पुरवतात. त्याच्या बळावर हालचाल सहज सुरू होते आणि हवी तेवढी मोठी होते. डोपामीन आटले की हालचाल मंद व लहान होते, अंग ताठते, पाऊल आखूड पडते, अक्षर बारीक होते आणि स्वस्थ हात कापू लागतो.

१९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले. हे औषध आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळीत सापडते. ससे निश्चल झाले. मग एल-डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. शरीरात एल-डोपापासून डोपामीन बनते. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एल-डोपा आजही कंपवातावरचे प्रमुख औषध आहे. त्याने लक्षणे कमी होतात, पण पेशींचे मरणे थांबत नाही. पावसाळ्यानंतर कुंपणावर दिसणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही एल-डोपा असते. मात्र कुणी त्या परस्पर खाऊ नयेत. मात्रा चुकली तर अपाय होतो.

आपण काय करावे?

दारूचा परिणाम लहान मेंदूवर होतो, म्हणून प्यालेला माणूस झोकांड्या खातो. पण झोकांड्या खाणारा प्रत्येक जण प्यालेला नसतो. आनुवंशिक विकार, गाठ, अपस्माराच्या काही औषधांची जास्त झालेली मात्रा, यांनीही तसेच होते. तोल अचानक गेला आणि सोबत डोकेदुखी, उलटी किंवा बोबडेपणा आला, तर लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. अशा वेळी ‘उतरेल थोड्या वेळात’ म्हणून माणसाला झोपवून ठेवणे जिवावर बेतते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. एखाद्या मुलाला रोज सकाळी डोकेदुखी व उलटी होत असेल आणि चालताना त्याचा तोल जाऊ लागला असेल, तर त्याला डॉक्टरांकडे नेण्यात दिरंगाई करू नये.

दुसरी खूण डोळ्यांत असते. अंधाऱ्या खोलीत मित्राच्या एका डोळ्यावर क्षणभर साध्या विजेरीचा प्रकाश टाका. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदम लहान होतील. हे काम मध्यमेंदूचे. डोक्याला मार लागल्यावर माणूस गुंगत चालला आणि एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी झाली, तर आत दाब वाढून मध्यमेंदूजवळची चेता दबत असण्याचा संभव असतो. तेव्हा एक मिनिटही घालवू नये.

आणि शिक्षकमित्रांनो, वर्गातल्या एखाद्या मुलाचे अक्षर अचानक बिघडले, मोठे व वेडेवाकडे होऊ लागले, तर त्याला शिक्षा करण्याआधी त्याला एका सरळ रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालायला सांगा. जमले नाही तर पालकांना बोलवा.

आमच्या गुरुजींनी त्या थरथरत्या हातानेच आम्हांला वर्तुळाचे सगळे सिद्धान्त शिकवले. ते हात पुढे करीत तेव्हा कंप कमी होई, याचे कारण आज मला सांगता येते. तेव्हा आम्ही का हसलो, याचे मात्र माझ्याकडे उत्तर नाही.