साखळीचा हिशोब

नागपूरहून एस.टी.ने दीड तासाच्या वाटेवर आमचे गाव आहे. गावात प्रौढांचा वर्ग चालतो. रात्री जेवणे आटोपली की मंडळी शाळेच्या ओसरीवर जमतात. मी पूर्वी हेडमास्तर होतो. आता निवृत्त झालो, पण खडूचा नाद सुटला नाही. म्हणून हा वर्ग मीच घेतो.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२३ ची. दिवाळी तोंडावर आली होती. पहिल्या वेचणीचा कापूस विकून लोकांच्या हाती चार पैसे आले होते. त्या रात्री आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो. एका शेतकरी भाऊंनी बोट ठेवून ठेवून वाचले, "म-हा-रा-ष्ट्र के-स-री." आणि लगेच वादाला तोंड फुटले.

महाराष्ट्र केसरी हा आपल्या राज्यातल्या कुस्तीचा सर्वांत मोठा मान. या कुस्त्या गादीवर होतात आणि मातीवरही होतात. गादीवरचा पहिला आणि मातीवरचा पहिला, असे दोघे शेवटी लढतात. जो जिंकतो, त्याला चांदीची गदा मिळते. आपल्या नागपुरातही ही स्पर्धा भरली होती. तेव्हा चाळीसगावकडचे विजय चौधरी जिंकले होते. त्यांनी हा मान लागोपाठ तीन वेळा मिळवला.

२०२३ साली ही स्पर्धा पुणे जिल्ह्यात फुलगाव येथे होती. शेवटची कुस्ती शिवराज राक्षे आणि सिकंदर शेख यांच्यात लागेल, असे पुष्कळांना वाटत होते. राक्षे पुणे जिल्ह्यातले. शेख सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचे. दोघांपैकी एकही आपल्या नागपूरकडचा नाही. तरी ओसरीवर दोन तट पडले.

शेतकरी भाऊ म्हणाले, "राक्षेच जितन. लिहून घ्या."

आबाजी म्हणाले, "काहून बाप्पा? शेखच्या अंगात काय कमी ताकद हाय?"

"ताकदीचं सोडा आबाजी, हिशोब पाहा. जानेवारीत पुण्याले काय झालं? महेंद्र गायकवाडनं शेखले हरवलं. मग राक्षेनं गायकवाडले हरवलं. म्हणजे राक्षे गायकवाडले भारी, गायकवाड शेखले भारी. मग राक्षे शेखले भारी झाला का नाही?"

भाऊंचे म्हणणे खोटे नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला कोथरूड येथे असेच घडले होते. मातीच्या कुस्तीत गायकवाडांनी शेखांना हरवले. शेवटच्या कुस्तीत राक्षे यांनी गायकवाडांना चीत केले. सगळे गप्प झाले. हिशोब अगदी पक्का दिसत होता.

तेवढ्यात भाऊंची घरवाली बोलली. तीही आमच्याच वर्गात शिकते. ती म्हणाली, "गुरुजी, यायले तुमी विचारा. हे त्या कुस्तीवर पाच हजार लावून रायले. हरभऱ्याच्या बियाण्याचे पैसे हायेत ते."

भाऊंनी मान खाली घातली. शेजारच्या गावचा एक जण पैजा घेत होता. राक्षे जिंकले तर पाच हजार परत आणि वर तीन हजार मिळणार. हरले तर पाच हजार गेले.

मी म्हणालो, "भाऊ, मी तुम्हाला रागावणार नाही. मीही एकदा असाच हिशोब केला होता. तो आधी ऐका."

माझे पेन कसे गेले

१९७४ साल होते. मी नागपूरला शाळेत शिकत होतो. तेव्हा दूर आफ्रिकेत, झैर नावाच्या देशात, एक मोठी मुष्टियुद्धाची लढत ठरली होती. झैरला आज काँगो म्हणतात. मुष्टियुद्ध म्हणजे ठोशांची लढाई. हातात जाड मोजे घालून दोन गडी दोरांच्या चौकात लढतात. तीन मिनिटांची एक फेरी. मग एक मिनिट विसावा. त्या लढतीला अशा पंधरा फेऱ्या ठरल्या होत्या.

एका बाजूला जॉर्ज फोरमन. वय २५. तो जगज्जेता होता. चाळीस लढती लढला आणि चाळीसही जिंकला. त्यांतल्या सदतीस लढतींत समोरचा गडी पुढे लढू शकला नाही. दुसऱ्या बाजूला मुहम्मद अली. वय ३२. तो पूर्वी जगज्जेता होता. दोघेही अमेरिकेचे. दोघेही शंभर किलोंच्या आसपास वजनाचे.

आमच्या वसतिगृहात रोज वाद होई. मी फळ्यावर लिहून दाखवले :

जो फ्रेझरने अलीला हरवले, १९७१ साली.
केन नॉर्टनने अलीला हरवले, १९७३ साली.
फोरमनने फ्रेझरला दुसऱ्याच फेरीत लोळवले.
फोरमनने नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत लोळवले.
म्हणून फोरमन अलीला लोळवणार.

जगातले मोठमोठे जाणकारही तेच म्हणत होते. एका मित्राने मात्र अलीची बाजू घेतली. मी माझे शाईचे पेन पैजेवर लावले. ते पेन वडिलांनी मला सातवी पास झाल्यावर दिले होते.

३० ऑक्टोबर १९७४ ला लढत झाली. अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला. हातांनी तोंड झाकून घेतले. फोरमन ठोशांवर ठोसे मारीत राहिला. एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. फोरमनचे हात जड झाले. दम उखडला. आठव्या फेरीत अलीने नेमके ठोसे मारले आणि फोरमन खाली पडला. अली पुन्हा जगज्जेता झाला.

माझे पेन गेले. वडिलांनी विचारले, "पेन कोठे आहे?" मी म्हणालो, "हरवले." पैज हरलो आणि वर खोटेही बोललो. पेनापेक्षा ते खोटे मला जास्त दिवस बोचले.

साखळी का तुटली?

आबाजींनी विचारले, "पन गुरुजी, हिशोब तर बरोबर होता. मंग चुकला कुठं?"

मी फळ्यावर दोन साखळ्या लिहिल्या.

पहिली साखळी : पोते पायलीपेक्षा मोठे. पायली शेरापेक्षा मोठी. म्हणून पोते शेरापेक्षा मोठे.

ही साखळी कधी तुटत नाही. कारण येथे एकच गोष्ट मोजायची आहे. किती धान्य मावते, एवढीच.

दुसरी साखळी : पाणी आगीला विझवते. आग लाकडाला जाळते. म्हणून पाणी लाकडाला हरवते.

सगळे हसले. आबाजी म्हणाले, "लाकूड तर पान्यावर तरंगते!"

बरोबर. पाण्याची आगीशी गाठ पडते ती एका तऱ्हेने. आगीची लाकडाशी पडते ती दुसऱ्या तऱ्हेने. दोन पहिलवानांचेही तसेच असते. फ्रेझर उंचीने कमी. वाकून पुढे पुढे घुसणारा. पुढे येणारा गडी फोरमनच्या ठोशाखाली आयता सापडे. अली उंच. तो तसा पुढे घुसतच नसे. म्हणून फोरमनने फ्रेझरला हरवले, यावरून अलीचे काय होईल ते कळत नव्हते.

आणखी एक गोष्ट मी विसरलो होतो. फोरमनच्या अलीकडच्या लढती दोन फेऱ्यांच्या आत संपत होत्या. मी म्हणत होतो, केवढा बलवान! पण आठ फेऱ्या लढायचा दम त्याच्याजवळ आहे का, हे कोणी पाहिलेच नव्हते. जे दिसत होते ते मी मोजले. जे दिसत नव्हते त्याचा विचारच केला नाही.

तिसरी गोष्ट. अलीने नंतरच्या लढतींत फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांनाही हरवले होते. ते मला ठाऊक होते. पण माझ्या साखळीत ते बसत नव्हते, म्हणून मी ते फळ्यावर लिहिले नाही. मंडळी, ही चूक आपण फार वेळा करतो. आपल्या बाजूचे तेवढे मोजतो आणि दुसऱ्या बाजूचे पुसून टाकतो.

मग मी भाऊंना विचारले, "तुमच्या साखळीची मधली कडी कोणती?"

"गायकवाडनं शेखले हरवलं, ती."

"ती पक्की आहे का?"

भाऊ थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या कुस्तीत गायकवाडले जे गुण देल्ले, त्याच्यावरून लय वाद झाला होता."

निकाल लागला तो लागला. पंचांचा निकाल पहिलवानाने मानलाच पाहिजे. पण ज्या कुस्तीच्या गुणांवरून राज्यभर वाद झाला, तिच्यावर पाच हजारांचा भार टाकावा का? आणि मध्ये दहा महिने गेले होते. दहा महिन्यांत पहिलवान नवे डाव शिकतो. कोणाचा गुडघा दुखावतो. गडी तेच असले तरी कुस्ती नवी असते.

पैशाचा हिशोब

आता दुसरा हिशोब घेतला. मी म्हणालो, "भाऊ, खरे सांगा. या दोघांची कुस्ती दहा वेळा लागली तर राक्षे किती वेळा जिंकतील?"

"दहाच्या दहा म्हनत नाई. साहा वेळा तरी जिततीन."

"ठीक. तुमचेच म्हणणे खरे धरू. दर वेळी तुम्ही पाच हजार लावले. आता गणित करा."

भाऊंनी पाटी घेतली. त्यांनी आणि त्यांच्या घरवालीने मिळून हिशोब केला :

सहा वेळा जिंकले. प्रत्येक वेळी ३,००० मिळाले. एकूण १८,००० रुपये.
चार वेळा हरले. प्रत्येक वेळी ५,००० गेले. एकूण २०,००० रुपये.
तोटा २,००० रुपये.

भाऊ पाटीकडे पाहतच राहिले. "म्हंजे माहा अंदाज बरोबर असला, तरी बी मी बुडतो?"

होय. पैज घेणारा माणूस असाच भाव लावतो. कोणीही जिंको, त्याचे घर भरते. आणि तो पैसे द्यायला नाही म्हणाला तर? आपल्या देशात १८७२ सालचा कराराचा कायदा आहे. त्या कायद्याने पैजेचा करार रद्दबातल ठरतो. पैजेत जिंकलेला पैसा कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. पुढे २०२५ साली केंद्र सरकारने मोबाइलवरचे पैशांचे खेळ बंद करण्यासाठीही कायदा केला. अशा खेळांत किती घरे बुडाली असतील, ते यावरून समजावे.

घरवाली म्हणाली, "राक्षे हारला तर तो घरी जाऊन उद्या पुन्हा तालीम करन. आपला हरभरा हुकला तर तो पुढच्या सालीच."

यावर कोणी काही बोलले नाही. वर्ग सुटला.

निकाल

दोन दिवसांनी भाऊ नागपूरला गेले आणि हरभऱ्याचे बियाणे घेऊन आले. पैज लावली नाही.

फुलगावला शेवटची कुस्ती खरोखरच राक्षे आणि शेख यांच्यातच लागली. ती एक मिनिटही चालली नाही. सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना चीत केले. ज्यांना जानेवारीत गदा मिळाली, ते नोव्हेंबरात हरले. जे जानेवारीत हरले, ते नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी झाले.

पुढच्या वर्गात भाऊंनी ती बातमी स्वतः मोठ्याने वाचली. या वेळी बोट ठेवावे लागले नाही. वाचून झाल्यावर हसले. म्हणाले, "गुरुजी, साखळी तुटली. पन बियानं वाचलं."

आबाजी खुशीत होते. "मी म्हनलं होतं ना, शेखच जितन!"

मी म्हणालो, "आबाजी, तुमचेही नशीबच. तुमच्याजवळ तर साखळीसुद्धा नव्हती!" ओसरीवर हशा पिकला.

फोरमनचे पुढे काय झाले, हे आबाजींनी विचारले. तेही सांगतो. हरल्यावर तो खचला. काही वर्षांनी त्याने मुष्टियुद्ध सोडले. मग दहा वर्षांनी पुन्हा मोजे चढवले. लोक हसले. पण १९९४ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो पुन्हा जगज्जेता झाला. ज्या अलीने त्याला हरवले होते, त्याच्याशी त्याची दोस्तीही जमली. तेव्हा हरलेल्या गड्याला हसू नये. आणि जिंकणारा कायमचा जिंकला, असेही समजू नये.

मंडळी, वाद जरूर करा. कोण जिंकेल यावर बोलण्यात मोठी मजा आहे. त्याने डोके चालते. पण वाद करताना दोन्ही बाजू मोजा. "नक्की" म्हणण्याऐवजी "बहुतेक" म्हणायला शिका. आपला अंदाज चुकला तर हसून कबूल करा. आणि बियाण्याचा पैसा जमिनीतच घाला.

शब्दांचे अर्थ

ओसरी : घरापुढची किंवा शाळेपुढची छपराखालची जागा
चीत करणे : दोन्ही खांदे जमिनीला टेकवून पाडणे
जगज्जेता : साऱ्या जगात पहिला आलेला
कडी : साखळीतला एक दुवा
रद्दबातल : कायद्याने ज्याला किंमत नाही असे

प्रश्न

१. भाऊंची साखळी कोणत्या तीन पहिलवानांची होती?
२. पोते, पायली, शेर ही साखळी का तुटत नाही?
३. गुरुजींनी अलीविषयीची कोणती गोष्ट फळ्यावर लिहिली नव्हती?
४. दहापैकी सात वेळा राक्षे जिंकले असते, तर भाऊंना नफा झाला असता की तोटा? किती? पाटीवर करून पाहा.
५. पाच हजार रुपयांत तुमच्या घरची कोणती गरज भागते? दोन ओळी लिहा.