ओझोनचे कवच आणि तापणारी पृथ्वी : कारण ओळखण्याचा धडा



“ओझोनच्या थराला छिद्र पडले, त्यातून सूर्याची उष्णता आत शिरली आणि म्हणून पृथ्वी तापू लागली.” हे वाक्य उत्तरपत्रिकांत आणि वक्तृत्व स्पर्धांत वारंवार भेटते. ऐकताना ते पटतेही. परंतु ते बरोबर नाही. ओझोनचा ऱ्हास आणि हवामान बदल ही दोन वेगळी संकटे आहेत. त्यांचे एकमेकांशी नाते आहे, पण ते असे नाही. कारण चुकीचे धरले की उपायही चुकतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

ओझोन म्हणजे काय?

आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन. जमिनीपासून साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला जाऊन मिळतो आणि ओझोन तयार होतो. हा ओझोन अतिनील किरण शोषून घेतो आणि पुन्हा फुटतो. हे घडणे आणि मोडणे तेथे अखंड चालू असते. 1930 साली सिडनी चॅपमन या शास्त्रज्ञाने या प्रक्रियेची मांडणी केली.

‘थर’ या शब्दामुळे जाड पडदा डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात वातावरणातील सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर त्याची जाडी सरासरी 3 मिलिमीटर भरेल. मोजमापाच्या भाषेत हे 300 डॉब्सन एकक होय. एवढ्या तुटपुंज्या कवचामुळे त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोका आटोक्यात राहतो. पिकांचे आणि समुद्रातील सूक्ष्म जीवांचेही रक्षण होते.

हाच वायू जमिनीलगत मात्र घातक ठरतो. वाहनांच्या धुरावर ऊन पडून तयार होणारा ओझोन फुप्फुसांना इजा करतो. वस्तू तीच, तिचे स्थान बदलले की तिचा परिणाम बदलतो.

सोयीच्या वायूने केलेला घात

शंभर वर्षांपूर्वीच्या शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू वापरीत. त्यांची गळती जिवावर बेतत असे. 1928 मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हा पर्याय शोधला. तो जळत नाही, विषारी नाही, सहजी विघटित होत नाही. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, फवाऱ्याचे डबे, फोम अशा अनेक ठिकाणी तो पोहोचला. वापरून झाल्यावर हा वायू शेवटी जातो कोठे, हा प्रश्न मात्र कित्येक वर्षे फारसा विचारलाच गेला नाही.

1974 मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी त्याचे उत्तर दिले. हा वायू खाली नष्ट होत नाही, म्हणूनच तो हळूहळू वर स्थितांबरात पोहोचतो. तेथे अतिनील किरण त्याला फोडतात आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो ओझोनचा रेणू मोडतो, स्वतः शाबूत राहतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. असा एक अणू सुमारे एक लाख रेणू नष्ट करू शकतो. ज्या टिकाऊपणाचे कौतुक झाले, तोच दोष ठरला. पॉल क्रुटझेन यांच्यासह या दोघांना 1995 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दक्षिण ध्रुवावरच का?

अंटार्क्टिकावरील हॅली या ब्रिटिश केंद्रात वर्षानुवर्षे ओझोन मोजला जात होता. 1985 मध्ये जोसेफ फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, की तेथील वसंत ऋतूत ओझोन सुमारे एकतृतीयांशाने घटला आहे. यालाच आपण ‘ओझोनचे छिद्र’ म्हणतो. ते खरे भोक नव्हे. तेथे ओझोन अतिशय विरळ होतो, इतकाच त्याचा अर्थ.

सीएफसी सोडणारी शहरे उत्तर गोलार्धात, आणि हानी मात्र निर्जन दक्षिण ध्रुवावर, असे का व्हावे? हिवाळ्यात तेथील स्थितांबराचे तापमान उणे 78 अंश सेल्सिअसच्याही खाली जाते आणि विरळ हिमढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन क्रियाशील रूपात येऊन साठतो. सप्टेंबरच्या सुमारास सूर्य उगवला की ओझोनचा संहार सुरू होतो. सुझन सॉलोमन यांनी 1986 मध्ये हे स्पष्टीकरण मांडले आणि त्याच वर्षी अंटार्क्टिकावर जाऊन निरीक्षणेही घेतली.

आपल्या देशातही हे मोजमाप निष्ठेने झाले आहे. 1948 पासून पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांचे काम करणाऱ्या ॲना मणी यांच्या पुढाकाराने, फुग्याबरोबर आकाशात सोडायचे ओझोनमापक यंत्र भारतात तयार झाले. अंटार्क्टिकावरील भारताच्या ‘मैत्री’ या केंद्रातूनही ओझोनची नोंद घेतली जाते.

हवामान बदलाशी खरे नाते

आता सुरुवातीच्या वाक्याकडे वळू. ओझोन घटल्याने वाढतात ते अतिनील किरण. सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा अल्प आहे. पृथ्वी तापते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडसारखे वायू बाहेर जाणारी उष्णता अडवितात म्हणून. तरीही या दोन संकटांचे धागे तीन ठिकाणी जुळतात.

पहिला धागा : सीएफसी हे स्वतःच प्रभावी हरितगृह वायू आहेत. दुसरा : हरितगृह वायूंमुळे जमिनीलगतची हवा तापते, पण स्थितांबर थंड होते, आणि ध्रुवांवरील स्थितांबर जितके थंड, तितकी तेथील ओझोनची हानी अधिक. तिसरा : ओझोन घटल्यामुळे दक्षिण गोलार्धातील उन्हाळी पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा ध्रुवाकडे सरकला.

करार आणि त्यातील न्याय

16 सप्टेंबर 1987 रोजी मॉन्ट्रियल येथे सीएफसी कमी करण्याचा करार झाला. म्हणून हा दिवस जागतिक ओझोन दिन होय. परंतु ज्यांच्या घरी शीतकपाट पोहोचलेच नव्हते, त्या देशांनी महागडा पर्याय कोणाच्या पैशाने आणायचा? भारत आणि चीन यांनी हा प्रश्न नेटाने मांडला. 1990 मध्ये लंडन येथे मदतनिधी ठरला आणि 1992 मध्ये भारत करारात सामील झाला. पुढे जगातील सर्व देशांनी त्यास मान्यता दिली.

सीएफसीच्या जागी अखेरीस एचएफसी वायू आले. त्यांत क्लोरीन नाही, म्हणून ओझोन वाचला. पण त्यांतील अनेक वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता अडवितात. म्हणून 2016 मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती झाली. त्यानुसार भारताने 2032 पासून टप्प्याटप्प्याने एचएफसीचा वापर घटवून 2047 पर्यंत 85 टक्के कपात करावयाची आहे.

2022 च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार, सध्याची धोरणे टिकली तर अंटार्क्टिकावरील ओझोन 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल. तेव्हा आज शाळेत असलेले तुम्ही पन्नाशी ओलांडलेली असेल.

तुमच्यापैकी काही जण उद्या आयटीआयमध्ये शीतकपाट दुरुस्तीचे शिक्षण घेतील. जुना वायू हवेत सोडून देणे सोपे असते. तो टाकीत जमा करून घ्यायला थोडा वेळ लागतो. त्या थोड्या वेळात या साऱ्या विज्ञानाचे सार्थक आहे. इतरांनी निदान एवढे करावे : यंदाच्या ओझोन दिनी सुरुवातीचे ते वाक्य कोणी बोलले, तर त्याला नम्रपणे थांबवून खरे कारण समजावून सांगावे.