पावाची भट्टी आणि तुमचा दमा

पहाटे खोकल्याची उबळ येते आणि दिवसभर बरं असतं, असं सांगणाऱ्या रुग्णाला मी हल्ली हमखास विचारते: घराजवळ बेकरी आहे का? मुंबईतल्या कितीतरी भट्ट्या वर्षानुवर्षं लाकडावर चालत आल्या. स्वस्त पडतं म्हणून त्यांत मोडकं फर्निचर आणि प्लायवूडही जातं. त्या धुरात सूक्ष्म कणांच्या जोडीला फॉर्मल्डिहाइडसारखी श्वासनलिकेला झोंबणारी रसायनं असतात. थंडीतल्या पहाटे वारा पडलेला असतो, धूर वर जात नाही. वस्तीतच कोंडून राहतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पालिकेने आधी वर्षभराची मुदत दिली होती. डॉक्टर म्हणून मला हा आदेश मोलाचा वाटतो. पंपाने सुजलेली नळी मोकळी होते, पण धूर येतच राहिला तर ती पुन्हा सुजणारच. शिवाय सक्ती आली की कारागीरही डोकं लावतात: जुन्या विटांच्या भट्टीला गॅसचे बर्नर कसे बसवायचे, विजेच्या ओव्हनमध्ये पावाला तोच रंग कसा आणायचा. मात्र छोट्या बेकरीवाल्याला हा खर्च एकट्याने झेपणारा नाही. त्याला स्वस्त कर्ज आणि गॅसची जोडणी मिळालीच पाहिजे. पाव थोडा महागला तर तेवढं आपण सोसावं.

नियम झाला म्हणून औषध थांबवू नका. सूक्ष्म कणांची (पीएम २.५) आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त ५. म्हणजे ‘हवा मर्यादेत’ असली तरी दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो. रोजचा पंप बरं वाटत असतानाही घ्या, शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून. हिवाळ्यात फिरायला ऊन चढल्यावर जा. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत; नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

सगळ्यात जास्त धूर घेतो तो भट्टीपुढे रात्र काढणारा कामगार. विडी-सिगारेट न ओढताही त्याला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार) होऊ शकतो. जिना चढताना धाप लागत असेल किंवा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) करून घ्या, थुंकीही तपासा; क्षयरोग असला तर चुकायला नको. भट्टीच्या खोलीत डोकं दुखून मळमळलं तर तो कार्बन मोनॉक्साइडचा इशारा समजा. लगेच मोकळ्या हवेत या, सोबत्यांनाही बाहेर काढा आणि थेट रुग्णालय गाठा.